दुसऱ्या खुर्चीची हजेरी

३ जून. सकाळी ९.
राज्यघटनेत दुरुस्त्या सुचवणाऱ्या समितीने नागरिकांची निवेदने मागवली आहेत. तीस तारखेच्या आत माझे जाईल. ‘आपल्या पाल्यास घरीच शिकवण्याचा पालकांचा हक्क अबाधित राहील, त्यांच्या निर्णयात अन्य कोणीही ढवळाढवळ करणार नाही.’ चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली. या वाक्यात टाचणी शिरायची नाही.
पुरावा घरातच आहे. लेकीला मी याच खोलीत, याच टेबलाशी, सोळाव्या वर्षापर्यंत शिकवले. आता तिच्या सात वर्षांच्या मुलीला शिकवतो. लेक औषधांच्या दुकानात नोकरी करते. तिला वेळ नाही आणि, सुदैवाने, मतही नाही.

५ जून.
शाळा दहाला भरते. पट एक. तरीही हजेरी घेतो. शिस्त ती शिस्त. नात ‘हजर’ म्हणाली. पाठोपाठ रिकाम्या खुर्चीतून, बारीक आवाजात, आणखी एक ‘हजर’.
खोली जुनी आहे. आवाज घुमतो.

९ जून.
पुन्हा घुमला. नातीला विचारले. चष्मीस बोलला म्हणे. कोण चष्मीस? तर वर्गातला. अभ्यासात ढ आहे, आजोबा, पण डबा वाटून खातो. कल्पनाशक्तीचा अतिरेक. उपाय : पाढे.
सौ.ला सांगितले. भाजी निवडता निवडता तिचा हात थांबला. आला का परत मेला, म्हणाली. खुलासा मागितला, तर म्हणे, तुम्ही आपली घटना सुधारा.

१४ जून.
सातवा खर्डा. ‘अन्य कोणीही’ यापुढे ‘मग तो नातलग असो वा परका’ ही भर घातली. पळवाट नको.

१७ जून. दुपार.
पेन्सिल टेबलाखाली गेली. गुडघ्यांचा विरोध डावलून वाकलो. टेबलाच्या फळीला खालून हजेरीपट काढलेला आहे. अक्षर लेकीचे, लहानपणचे. चष्मीस : हजर. टिकली : हजर. ढब्बू : हजर. सर्वांत खाली ‘मी’, आणि त्यापुढे रकान्यामागून रकाना गैरहजर, गैरहजर, गैरहजर.
नोंद चुकीची आहे. ती रोज हजर असे. समोर मीच बसत होतो. दुरुस्तीसाठी लाल पेन काढले. उताणे पडून लिहिताना पेनातून शाई उतरत नाही. गुरुत्वाकर्षण.
दुरुस्ती उद्या.

२१ जून.
दुरुस्ती राहिली. ‘हजर’ आता तीन-चार ठिकाणांहून घुमते. कानांत कापूस घातला.
घरी शिकून यशस्वी झालेली व्यक्ती म्हणून लेकीची सही हवी होती. तिने खर्डा दोनदा वाचला. बाबा, अगदी पटलं, म्हणाली, एक अक्षरसुद्धा बदलू नका. सही केली. डोळे भरून आले तिचे. बांधीव गद्याचा असा परिणाम होतो.

२८ जून.
निवेदन टपालात टाकून विजयी मुद्रेने घरी आलो. टेबलावर नवे कोरे दप्तर. लेकीने नातीचे नाव कोपऱ्यावरच्या शाळेत घातले!
मी कडाडून हरकत घेतली. तिने माझीच प्रत पुढे केली. निर्णय पालकांचा ना, बाबा? पालक मी. नातलग असो वा परका, हे तर तुम्हीच घातलंत. मी म्हणालो, हक्क घरी शिकवण्याचा आहे, शाळेत धाडण्याचा नव्हे! ती म्हणाली, घरी शिकवायचं की नाही ते मग कोण ठरवणार? माझ्या वेळी तुम्ही ठरवलंत.
दारापर्यंत जाऊन वळली. चष्मीसबद्दल मी पोरीला आजवर एक शब्द सांगितलेला नाही, म्हणाली. तिला तो आपला आपण सापडला.
सौ. मध्ये पडेल असे वाटले होते. ती दप्तरावर नाव घालत होती.

२ जुलै. सकाळी १०.
हजेरी घेतली. नात : गैरहजर, सकारण.
चष्मीस : पुकारले. उत्तर नाही. कानांतला कापूस काढून पुन्हा पुकारले. टिकलीला, ढब्बूलाही पुकारले. खोलीत काहीच घुमले नाही.
तिच्याबरोबर गेले असावेत. मी कोणालाही दाखला दिलेला नाही. विनादाखला मुले कशी घेतली, याची विचारणा शाळेकडे लेखी करावी लागेल.