फ्रीजरमधली हिमनदी

वुडलँड्स, सिंगापूर
१२ सप्टेंबर २०२५

चि. कस्तुरीस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तू घसरली नाहीस ना? हिमनदीला भेगा असतात आणि वरून त्या दिसत नाहीत, असं तुझ्या धाकट्या बहिणीने, अवनीने, मोबाईलवर दाखवलं. तेव्हापासून मी घरातल्या फरशीवरही जपून चालतो.

तुझं काम मला आता समजलंय. यंत्राने वरून लहर सोडायची, ती तळाच्या खडकावर आपटून परत येते, त्या वेळावरून बर्फाची जाडी कळते. वर्षावर्षाने मोजलं की नदी पुढे सरकते की मागे हटते, तेही कळतं. मी घरी करून पाहिलं. आपल्या फ्रीजरमध्ये बर्फ फार साठलाय. चमच्याने टकटक केलं आणि कान लावला. कान चिकटला. तुझ्या आईने कोमट पाणी ओतून सोडवला.

मग टोचून जाडी बघायला विणायची सुई घेतली, तर अवनी तिच्या सिंगापुरी थाटात ओरडली, "आजोबा, नो लाह! गॅस लीक होईल!"

तुमची नदी मागे हटते म्हणतात. आपली पुढेच येतेय. मटार गेले, आता आइस्क्रीमवर चाल आहे.

आई म्हणते, "अप्पा, दार नीट बसत का नाही? आत काय अडकलंय?"

मी म्हटलं, "हवामान बदललंय."

या पत्राचा फोटो अवनीच पाठवणार आहे. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून लिहितो. अडकलंय ते दही आहे. तू निघताना हातावर ठेवायला आईने लावलेलं. भांड्यासकट मीच आत कोंबलं. दह्याशिवाय आपल्या घरातून कोणी प्रवासाला निघत नाही; म्हटलं, दही नसेल तर पोरगी थांबेल. सगळे शोधत होते, तेव्हा मीही शोधलं, सोफ्याखालीसुद्धा. आणि तू चिमूटभर साखरेवर निघून गेलीस!

आता तुला काही झालं तर ते त्या दह्यापायी, म्हणजे माझ्यापायी. जेवण जात नाही. आईला वाटतं, तिखट जास्त झालं.

दोर बांधल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. भांडं मी काढत नाही, काढूही देत नाही. तू ये, यंत्र लावून जाडी मोज, मग आपण दोघं फोडू. आणि दारातच हात पुढे कर. आल्यावर ठेवलेलं दही लागू पडतं की नाही, मला ठाऊक नाही. मी ठेवणार.

दह्याची राखण करीत बसलेला,
तुझा भित्रा आजोबा