दोनशे तेरा हिरव्या, एक गप्प

३ मार्च, सोमवार. सकाळी १०.१५

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, म्हणजे खरं लिहायला हरकत नाही. खरं असं, की मी आता सुधारलोय.

तीन महिन्यांच्या ट्रायलपैकी दोन महिने कसे गेले कळलं नाही. एक आठवडा कुठे गेला ते माहीत आहे. ऑफिसचं कॉफीचं मशीन घरघरत होतं, ते मी उघडून परत जोडलं. तीन स्क्रू उरले. मशीन चालतंय, म्हणजे ते तीन आधीपासूनच जास्तीचे असणार.

लीड मॅडमने आज बोलावलं. मनातल्या मनात मी तिला सुई म्हणतो. बारीक आहे म्हणून नाही, टोचते म्हणून. म्हणाली, जनावरांच्या दवाखान्याचं आपलं ॲप २७ तारखेला सुरू होतंय. अडतीस टेम्प्लेटं आहेत, एकालाही टेस्ट नाही. सगळ्या तू लिहायच्या. ३१ ला तुझी ट्रायल संपते, तेव्हा बघू तुझं काय करायचं ते.

मी म्हणालो, मॅडम, झालं समजा. ती म्हणाली, समजायचं मी बंद केलंय.

३ मार्च, घरी. चहाच्या वेळी

ताईला सांगितलं. ताई आणि सुई शाळेत एका बाकावर होत्या, म्हणून तर ही नोकरी. ताई म्हणाली, ही तुझी पाचवी. कुरियर सोडलंस, फोटो स्टुडिओ सोडलास, सायकलवाल्याकडून तर जेवायला म्हणून गेलास तो आलाच नाहीस. मी तिच्यासमोर शब्द टाकलाय. माझं नाक कापलंस तर या सोफ्यावर उद्यापासून सरदार झोपेल.

सरदार म्हणजे ताईचा कुत्रा. तो लगेच उठून सोफा हुंगून गेला.

४ मार्च, मंगळवार

टेम्प्लेट म्हणजे गाळलेल्या जागा ठेवलेलं पत्र. ‘प्रिय अमुक, तुमच्या तमुकला इंजेक्शन आहे.’ मशीन त्या जागा भरतं. टेस्ट म्हणजे कुठे काय यायला हवं ते आपण आधीच लिहून ठेवायचं. मशीनने तेच भरलं तर हिरवं, नाहीतर लाल. बस. याला लोक इंजिनिअरिंगची चार वर्षं घालवतात. मी दीडच घालवली.

पहिली टेस्ट स्वतःच्या हाताने लिहिली. आठवणीच्या चिठ्ठीची. मालकाच्या जागी ताईचं नाव घातलं, जनावराच्या जागी सरदार. मग लिहिलं: ‘पेशंट’च्या पुढे सरदार यायला हवा.

लाल. मशीन म्हणतं, सरदार हवा होता, ताई आली.

मीच काहीतरी उलटसुलट लिहिलं असणार. पहिल्याच दिवशी मशीनशी भांडण नको. टेस्टच्या डोक्यावर ‘स्किप’ लिहिलं की मशीन तिला ओलांडून पुढे जातं. तसं लिहिलं. उद्या बघू.

५ मार्च, बुधवार

बघायचं होतं. पण समोरच्या दुकानावर पाटी रंगवणारा आला. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता अक्षरं काढतो! खाली जाऊन पाहिलं. दीड तास. माझा खरा पिंड हाच, हे कळून चुकलं. त्याला म्हणालो, मला शिकवाल? तो म्हणाला, आधी उजेडातून बाजूला व्हा.

६ मार्च, गुरुवार

ब्रश आणला. चपटा, नंबर आठ.

१० मार्च, सोमवार. सकाळी ११

अडतीसपैकी शून्य. पण पाया घातला गेलाय.

१० मार्च, दुपारी ४.३०

युरेका! स्नॅपशॉट नावाचा प्रकार सापडला. काय यायला हवं ते आपण लिहायचंच नाही. मशीन पेज काढतं, त्याचा फोटो ठेवतं आणि पुढच्या वेळी फोटोशी ताडून बघतं. जुळलं की हिरवं.

आणि खरी गंमत पुढेच. नाही जुळलं तर एक कमांड आहे, ‘अपडेट’. ती मारली की जुना फोटो केराच्या टोपलीत, आणि आत्ता जे काही दिसतंय ते बरोबर. पुन्हा हिरवं!

इतकी वर्षं लोक हातांनी लिहीत बसले. कीव आली.

१२ मार्च, बुधवार

दोन दिवसांत एकशे सत्तर टेस्ट. मधे दोनदा सगळ्या लाल झाल्या, कारण कोणीतरी पेजवरचं बटण हलवलं. अपडेट मारली. हिरवंगार. शेतात उभं राहिल्यासारखं वाटतं.

जेवताना दाजींना समजावून सांगितलं. दाजी शाळेत गणित शिकवतात आणि वर्षभर पेपर तपासतात. नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, म्हणजे मेहुणेबुवा, पोराची उत्तरपत्रिका समोर ठेवून त्यावरून उत्तरसूची तयार करायची, आणि मग त्याच सूचीने तीच उत्तरपत्रिका तपासायची?

म्हटलं, अगदी बरोबर!

दाजी म्हणाले, आमच्या शाळेत हे आधी सुचलं असतं तर निकाल शंभर टक्के लागला असता. दाजींना पहिल्यांदाच माझं काही पटलं. ताई ताट उचलून गेली.

१३ मार्च, गुरुवार

एकूण २१४. त्यातली एक स्किप, बाकी सगळ्या हिरव्या. सुईला आकडा सांगितला. तिचा चेहरा पहिल्यांदाच थोडा माणसासारखा झाला. लगेच म्हणाली, स्किप काय आहे?

म्हटलं, किरकोळ.

म्हणाली, मला संध्याकाळपर्यंत सांग काय आहे ते.

संध्याकाळी सांगणारच होतो. पण खाली पाटीवाला दुसरा हात मारत होता.

१८ मार्च, मंगळवार

आठवड्याच्या मीटिंगमध्ये सुईने माझा आकडा फळ्यावर लिहिला. तिच्या डोक्यावर साठ कामं, स्किपचं विसरली. मी आठवण करून दिली नाही. आधीच तिला खूप व्याप, आपण कशाला त्यात भर घाला.

ताईला फोन करून सांगितलं, फळ्यावर आहे मी. ती म्हणाली, शाळेतही असायचास, ‘बडबड करणारे’ या यादीत. पण आवाज खूश होता. फोन ठेवता ठेवता ती सरदारला म्हणाली, ऐकलंस का, मामा सुधारला.

२१ मार्च, शुक्रवार

दुसऱ्या टीमने टेम्प्लेटांत बरंच काही बदललं. सकाळी चाळीस लाल. चहा संपायच्या आत चाळीस हिरव्या. अनुभव म्हणतात तो हाच.

दुपार मोकळी. घरच्या दारासाठी पाटी रंगवायला घेतली. ताईचं नाव वर, दाजींचं खाली. जागा पुरली नाही. दाजी अर्धेच बसले.

२७ मार्च, गुरुवार

ॲप सुरू! दवाखान्याच्या डॉक्टरबाई स्वतः आल्या होत्या. सुईने त्यांना सांगितलं, दोनशे चौदा टेस्ट आहेत, घाबरू नका. मी शेजारी उभा होतो. मान किती हलवावी ते कळेना, म्हणून सतत हलवली.

पहिल्याच दिवशी शेहेचाळीस चिठ्ठ्या गेल्या. उद्या कुत्र्यांचं इंजेक्शन शिबिर आहे, सरदारचंही नाव त्यात आहे.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळी ८.२०

ताईला चिठ्ठी आली. तिने मोठ्याने वाचली. मी दात घासत होतो.

माननीय सरदार यांस. आपला पेशंट (पुढे ताईचं नाव, आडनावासकट) यास सकाळपासून उपाशी ठेवावे. गळ्यात पट्टा घालून आणावे. चावण्याची सवय असल्यास तोंड बांधावे.

दाजी इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. म्हणाले, शेवटची ओळ पुन्हा वाच. ताई हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, हे तू तपासलंस?

तोंडात फेस होता, म्हणून आधी चूळ भरायला गेलो. बराच वेळ भरली.

२८ मार्च, दुपारी १

शेहेचाळीसच्या शेहेचाळीस उलट्या. डॉक्टरबाईंचा फोन सकाळपासून वाजतोय. एक आजोबा खरंच उपाशी आलेत, कुत्रं भरपेट.

सुईने माझी खुर्ची स्वतःच्या टेबलाजवळ ओढली. माझे फोटो एकेक उघडून बघितले. सगळ्यांत चूक अगदी स्वच्छ टिपलेली. मग स्किप उघडली. म्हणाली, ही कोणी लिहिली?

म्हटलं, मीच. चुकली होती म्हणून गप्प बसवली.

ती म्हणाली, अरे शहाण्या, दोनशे चौदांत खरं बोलणारी ही एकटीच होती. पहिल्या दिवसापासून ओरडत होती की पेशंट सरदार आहे, आणि तू तिचंच तोंड बांधलंस.

२८ मार्च, रात्री

घरी आलो तर सोफ्यावर सरदार. मी खाली सतरंजीवर. ताई पाठ करून भाजी चिरत होती. म्हणाली, तिचा फोन आला होता. एवढंच. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ११

ट्रायलचा निकाल. सुईने माझ्यासमोर एक कमांड मारली. दोनशे तेरा टेस्ट गेल्या. तीन आठवड्यांचं शेत, एका बोटात. उरली एक. तिचं स्किप काढलं. टेम्प्लेट दुरुस्त केलेलं होतं, ती लगेच हिरवी झाली.

मला वाटलं, आता मला मारणार कमांड. पण म्हणाली, तुला कायम करत नाही. काढतही नाही. त्या एका टेस्टपायी एक महिना आणखी. काय यायला हवं ते आधी कागदावर पेनने लिहायचं, मला दाखवायचं, मग मशीन. आणि आज शेहेचाळीस घरी तू स्वतः फोन करून माफी मागायचीस. त्याशिवाय जागेवरून उठायचं नाही.

म्हटलं, जेवण? म्हणाली, आधी फोन.

ब्रश ड्रॉवरमधून काढून पाटीवाल्याला देऊन टाकावा म्हणतो. पण जागेवरून उठायचं नाही.

३१ मार्च, दुपारी ३.४०

पंचेचाळीस झाले. आजोबा चांगले बोलले. म्हणाले, पोट हलकं वाटलं, दर महिन्याला पाठवत जा.

शेवटचा नंबर ताईचा. तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. सुई शेजारी बसून ऐकतेय, म्हणून सगळ्यांना म्हटलं तसंच म्हटलं. नमस्कार, दवाखान्याच्या ॲपकडून बोलतोय, आपल्याला चुकीची चिठ्ठी गेली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

ताईने अगदी अनोळखी आवाजात विचारलं, आपण कोण? मालक की पेशंट?

म्हटलं, सकाळपासून उपाशी आहे.

ती म्हणाली, मग पट्टा घालून ये घरी.