चित्ता छाप कॅन आणि दगडी टेबलाचे कंपन

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.४०

शुक्रवारी घडले ते असे:
१. दुपारी तीनला मी वजनखोलीत तराजूसमोर बसल्या बसल्या झोपले.
२. एकोणीस मिनिटे. हे तराजूच्या नोंदीवरून. मला स्वतःला सांगता येणार नाही.
३. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी पाहिले.
४. दार हळूच लावून घेतले.

यातला क्र. ४ सर्वांत वाईट.

कारण उघड आहे. मी ताईकडे राहते, आणि भाची चार महिन्यांची आहे. तिला रडायला रात्रच सापडते. इकडे २१ तारखेला बाहेरून परीक्षक बाई येणार. त्यांच्यासमोर एक ग्रॅमचे वजन दहा वेळा तोलायचे; दहा आकड्यांत पाच मायक्रोग्रॅमहून जास्त फरक चालणार नाही. जमले की वजनांच्या तपासणीच्या प्रमाणपत्रांवर माझी सही. तीन वर्षे काम माझे आणि सही शेजारच्या टेबलावरच्या मास्तरची. तो शिक्षक नाही. सतत शिकवतो, म्हणून मास्तर.

उपाय: एनर्जी ड्रिंक. पण शास्त्रशुद्ध. रोज एक कॅन, सकाळी दहाला, नोंदींसह. अशा प्रयोगाला थंड डोके लागते. ते आहे.

मंगळवार, ४ मार्च. १०.०५

कॅनवर धावता चित्ता. चव: खोकल्याच्या औषधात सोडा. रंग: हिरवा, पण कशाचा हिरवा ते कळत नाही. ५ पैकी १.५.
१०.४०: काहीही परिणाम नाही. माझ्यावर कशाचा सहजासहजी परिणाम होत नाही.
११.१५: तीन प्रमाणपत्रे तपासली, कपाट लावले, मास्तरचेही कपाट लावले. तो नको म्हणत होता.

गुरुवार, ६ मार्च

चव ५ पैकी ३. पहिल्या दिवशी मी घाईने निकाल दिला होता.
एक कॅन हा फार छोटा नमुना आहे, हे संख्याशास्त्र शिकलेला कोणीही सांगेल. आजपासून दोन. दुसरा साडेतीनला.

सोमवार, १० मार्च

काल सुटी, म्हणून तुलनेसाठी एकही कॅन नाही. डोके ठणकले, भावोजींशी रिमोटवरून वाद झाला, दुपारभर झोप. निष्कर्ष: ड्रिंकशिवाय राहणे प्रकृतीला घातक.

आज तराजूचे आकडे स्थिर होत नाहीत. नियम असा की वजन चिमट्याने ठेवायचे, काचेचे दार लावायचे, मनात तीसपर्यंत मोजायचे, मग आकडा वाचायचा. मी हल्ली बारापर्यंतच मोजते. माझे मोजणे जलद झाले आहे, हा ड्रिंकचा फायदा.

फरक: १४ मायक्रोग्रॅम. त्याच तराजूवर मास्तरला बसवले. त्याला ३ आला. त्याचे नशीब.

मंगळवार, ११ मार्च

दोष तराजूत नाही. टेबल हलते आहे.

टेबल दगडी आहे. त्याचे पाय फरशीपासून वेगळे, खाली खोल रोवलेले, म्हणजे बाहेर कोणी चालले तरी धक्का पोचू नये. तरी हलते. मला बसल्या बसल्या जाणवते. मास्तरला जाणवत नाही. काहींची जाण बोथट असते.

देखभाल विभागाला दोन पानी तक्रार दिली. सरांना प्रत.

गुरुवार, १३ मार्च

देखभालवाले काका आले. खुर्चीवर बसले, डोळे मिटले, म्हणाले, काही नाही. मी लिफ्टचा संशय सांगितला. लिफ्ट महिनाभर बंद आहे म्हणाले. मी वरच्या मजल्यावरच्या पंपाचा सांगितला. वर गच्ची आहे म्हणाले. शेवटी कंपनमापक टेबलाला चिकटवून गेले. जाताना मला जरा पाणी प्या म्हणाले. संबंध काय?

चव ५ पैकी ४. जांभळा कॅन अधिक परिपक्व.

सोमवार, १७ मार्च

मापकाचा आलेख मिळाला. माझेच बरोबर. कंपन सव्वादहाला सुरू, एकला बंद. पावणेचारला पुन्हा सुरू, जोर जास्त. शनिवार-रविवार शांत. शुक्रवारी दुपारी मी भाचीच्या लसीसाठी अर्धी रजा घेतली, तेव्हाही शांत. म्हणजे स्रोत नेमका मी कामात असतानाच चालतो. हे मुद्दाम वाटावे इतके नियमित आहे.

मास्तरने आलेख बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. म्हणाला, कॅन किती झाले आज? मी विषय बदलू नकोस म्हणाले.

बुधवार, १९ मार्च. सकाळी ८.१०

नाश्त्याला ताईला सांगितले की भाचीमुळे अजून झोप होत नाही. ताई म्हणाली, "अगं, ती आठवडाभर रात्री गाढ झोपते. खोलीत येरझाऱ्या तू घालतेस. तुझ्या पावलांनी उठते ती."
ताईची निरीक्षणे लेखी नसतात.

परीक्षेच्या दिवसासाठी तीन कॅन ठरवले. सव्वाअकराची वेळ आहे.

शुक्रवार, २१ मार्च. संध्याकाळी ६

परीक्षक बाई साठीच्या. शांत. सर मागे उभे. मी दहा वेळा तोलले. फरक ३१.

मी आलेख काढला. वेळा समजावल्या, स्रोत अनियमित नाही हे दाखवले. चांगली बोलले. बाईंनी सगळे ऐकून घेतले. मग चष्मा सावरून खाली वाकल्या आणि टेबलाखाली पाहिले. बराच वेळ. तिथे माझा उजवा गुडघा दगडी पायाला टेकलेला होता आणि शिवणयंत्रासारखा चालला होता.

बाईंनी हात लांब करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. दाबला.
"आता वाचा आकडा."
आकडा स्थिर होता.

सरांनी दार हळूच लावून घेतले.

सोमवार, २४ मार्च. अर्जाचा मसुदा

माननीय सर,
वजनखोलीतील कंपनाबाबतची माझी ११ तारखेची तक्रार मी मागे घेते. स्रोत सापडला आहे. तीन दिवस त्याने कॅन घेतलेला नाही. डोके दुखते, पण काल तीसपर्यंत मोजता आले. उरलेले नऊ कॅन देखभालवाल्या काकांना देऊ केले. त्यांनी पाणी पितो म्हणून सांगितले.
चाचणी पुन्हा द्यायची आहे. मास्तरने शेजारी बसून गुडघ्यावर लक्ष ठेवायची तयारी दाखवली आहे. ती मी स्वीकारली आहे.
परवानगी मिळेल की नाही, ते कृपया शुक्रवार, २८ मार्चपर्यंत कळवावे.