एक घाव, दोन तुकडे

४ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पडल्या पडल्या लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नकोस. पाठ धरल्यापासून दुकानात पाऊल नाही. माझ्या गिऱ्हाइकांच्या दाढ्या भागीदार करतो आणि मी छताकडे बघत बसतो, म्हणजे पडतो. सर्जन म्हणाला, मणक्यातली गादी सरकून शिरेवर दाब आलाय. ऑपरेशन करता येईल, नाहीतर तीन महिने व्यायाम आणि गोळ्यांवर बघू. घाई नाही, तुम्ही ठरवा. तोवर आराम करा. तो मी इमानेइतबारे करतोय. कूस बदलायलाही तुझी वहिनी लागते.

माझं ठरलंय. महिनाअखेर ऑपरेशन. एक घाव, दोन तुकडे. वहिनीला पटलेलं नाही, भांडी आपटते. तिची समजूत काढ.

तुझा दादा

९ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जन्मभर लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरणाऱ्याने स्वतःच्या पाठीबद्दल 'एक घाव, दोन तुकडे' लिहावं, याला काय म्हणावं? वहिनी आपटते ते बरोबरच आहे.

आता ऐक. पायातली ताकद कमी झालीय का? चप्पल नकळत निसटते का? लघवीवरचा ताबा जातो का? यातलं काहीही असलं तर एक दिवस थांबू नकोस, मी रजा टाकून येते. नसलं, तर घाई कशाची? मला भीती वाटते, दादा. आईबाबांमागे मला धाकटी म्हणणारा तूच उरलास.

आणि आराम म्हणजे अंथरूण, हे तुला कुणी सांगितलं? इतकी वर्षं मी शाळेत कवायत घेतेय. 'विश्राम' म्हटल्यावर आजवर एकही मूल आडवं झालेलं नाही. पाय जरा फाकवून उभंच राहतं. डॉक्टरांना नीट विचार. मग जे ठरवशील त्यात मी तुझ्या बाजूने.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी

१७ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

विचारलं. सर्जनने कपाळावर हात मारला. वजन उचलू नका, वाकू नका, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पडून राहून मी पाठ आणखी आखडून घेतली. पायांची ताकद शाबूत आहे. ऑपरेशनने पायातली कळ लवकर थांबेल, पण पाठदुखी जाईलच अशी हमी तो देत नाही; व्यायामाचीही देत नाही. तेव्हा तारीख रद्द. तीन महिने घाम गाळणार. नाहीच जमलं तर ऑपरेशन, आणि तेव्हा तू कटकट करायची नाहीस.

व्यायाम शिकवणारी बाई तुझी सख्खी बहीण शोभेल. काल रडवलं तिने मला.

तुझा दादा

२० एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

दुखणं पुरतं गेलेलं नाही. सकाळी उठताना हजेरी लावतंच. ऑपरेशनचं दार उघडं आहे, असं सर्जन म्हणाला. मी म्हटलं, असू दे, तूर्त मला दुकानाचं दार उघडायचंय.

खुर्ची उंच करून घेतली आणि आज भागीदाराकडून वस्तरा परत घेतला. पहिल्या गालाला साबण लावताना पाठीने कुरकुर केली नाही. वहिनी उगाच दोनदा डोकावून गेली.

आता गिऱ्हाइकं गेलीत. आरशापुढच्या फळीवर कागद ठेवलाय, पाय जरा फाकवलेत. अक्षर वाकडं आलं असेल तर मायेने सरळ करून वाच. उभ्या उभ्या लिहितोय.

तुझा दादा