गुरुजींना न आलेली गाठ

गुरुजी, परवा मला नव्या शिक्षकांपुढं बोलायला बोलावलं होतं. विषय दिला होता, शाळा कशासाठी आणि चांगलं शिकवणं म्हणजे काय. रिटायर झालेल्या बाईला असलेच विषय देतात. माझ्या आधी बोललेले साहेब अर्धा तास फळ्यावर बाण काढत होते. मी उठले आणि सरळ तुमची गोष्ट सांगितली. पोरं हसली, टाळ्याही बऱ्याच पडल्या. त्या गुरुजींची विद्यार्थिनी म्हणून मी ताठ मानेनं घरी आले. घरी मात्र जेवण गेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आपल्या त्या म्युन्शिपाल्टीच्या शाळेत शनिवारी सकाळची शाळा असायची, आणि सातवीचा शेवटचा तास आमच्या ताब्यात असायचा. तुम्ही खुर्ची भिंतीला सरकवता, धोतर सावरून आमच्या बसायच्या पट्टीवर मांडी घालून बसता, आणि आमच्यातलं एक जण तुम्हाला येत नाही असं काहीतरी तुम्हाला शिकवतं. कुणी सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं, कुणी विडी वळायला. तुमची ती विडी बघून हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला होता. त्या तासाला तुम्ही आम्हाला अहो-जाहो करायचात, मला बाई म्हणायचात. "ज्याला येत न्हाय त्याला कसं वाटतं, हे मास्तर इसरला की संपला बघा. म्हणून मी हप्त्याला एकदा ढ होतो," हे तुम्ही तुमच्या मैंदर्गी गावच्या बोलीत सांगायचात. इतर तासांना अगदी पुस्तकी बोलायचात, शनिवारी गावाकडचे व्हायचात.

माझी पाळी आली तेव्हा मी सुताची लडी नेली. आमच्या घरात हातमाग, बोलणं तेलुगू, आणि माझ्याजवळ शिकवण्यासारखं एकच, तुटलेला धागा जोडायची गाठ. ती इतकी बारीक बसावी लागते की मागाच्या फणीतून न अडकता जावी, आणि ताण पडला तरी सुटू नये. आमच्या गल्लीत सहा वर्षांची पोर ती मारते. तुम्हाला तीन शनिवार जमली नाही. तिसऱ्या वेळी मी सगळ्या वर्गासमोर फिदीफिदी हसले. तुम्ही चिडला नाहीत, पण आवाज बदलला. "हसा की बाई. पण मला का जमंना, ते कोण शोधणार? ते तुमचं काम हाय, माझं न्हाय."

माझे कान तापले. पुढचा आठवडाभर मी तुमच्या हातांकडं बघत होते. लिहायचात उजव्यानं, पण पडलेला खडू असो, पाण्याचा तांब्या असो, आधी डावा हात पुढं यायचा. विचारलं तर म्हणालात, लहानपणी मास्तरांनी छड्या मारून उजवा करून टाकला. म्हणजे मी इतके दिवस डावऱ्या माणसाला उजव्या हाताची गाठ शिकवत होते. मग मीच घरी बसून डाव्या हातानं गाठ शिकले. मागावरून नायना, म्हणजे माझे वडील, बघत होते. म्हणाले, "हे काय उलटं?" मी म्हटलं, आमच्या गुरुजींसाठी आहे, ते डावरे आहेत. डाव्या हातानं मारली की गाठीचं शेपूट दुसऱ्या अंगाला पडतं, विणकराला ते लांबूनही कळतं. पुढच्या शनिवारी तुमची गाठ जवळजवळ बसली. ट्रेनिंग कॉलेजात मला याहून जास्त कुणी काही शिकवलं नाही.

नायनांचं ठरलेलं होतं. सातवी झाली की शाळा बंद, घरात बसून मागासाठी कांड्यांवर सूत भरायचं. थोरल्या बहिणीचं तसंच झालं होतं. तुमच्या कानावर गेलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी हात जोडायला येणार न्हाय. तू मला काय शिकवलंस ते दावायला येतो." नंतर पुन्हा म्हणालात, "शाळा कशाला असती गं? आपल्याला येतंय ते दुसऱ्याला देता यावं म्हणून. ते तुला येतंय."

रविवारी सकाळी तुम्ही आमच्या मागाजवळ बसला आहात. अम्मा दाराआडून बघते आहे. नायना ताणलेला एक धागा चक्क तोडतात. म्हणतात, "जोडा की मास्तर. मी चहाचं बघून येतो." तुम्ही गाठ मारता, सुस्कारा सोडता आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागता.

नायना आले, मागावर बसले, पाय दाबला. गाठ फणीतून सुळकन गेली. त्यांनी वाकून ती नखानं चाचपली. मग माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. आणि तुम्हाला म्हणाले, "पाठवतो हायस्कूलला." तुम्ही लहान पोरासारखे हसलात. सोमवारी वर्गाला सांगितलंत, "बाईंनी मला पास केलं बरं का." पुढं मी नोकरीला लागले तेव्हाही भेटेल त्याला तेच सांगायचात, आणि मला लई भारी वाटायचं. मी पुढं पस्तीस वर्षं शिकवलं. ज्याला येत नाही त्याला मी कधी पास केलं नाही, त्याला का येत नाही ते शोधलं. परवा त्या पोरांना हेही छाती काढून सांगितलं.

पण चष्मा पुसत होतात तेव्हा तुमची गाठ सुटत चालली होती, गुरुजी. मी ती पटकन सोडवली आणि स्वतः मारली. घाईत उजव्या हातानं. नायनांनी शेपटावरून ओळखली. त्यांनी मला तुमच्या गाठीसाठी शाळेत पाठवलं की माझ्या, हे ते असेपर्यंत विचारायचा धीर झाला नाही. तुम्हाला सांगायचाही तुमच्या हयातीत झाला नाही, तुम्ही इतके खूश होतात. हा कागद घडी घालून कपाटात ठेवणार आहे. तुम्ही पास झाला नव्हतात.