रुग्ण ठरलेल्या दिवशी आला नाही

अकोला, मंगळवार

प्रिय आकांक्षा,

तुझा मेसेज वाचून आधी हसूच आलं. कॉलेजात असताना आमच्या वह्या पूर्ण करून घ्यायला मागे लागायचीस, आता मास्तरीण झालीस तरी तेच! अर्धवट सुटलेल्या रूट कॅनालवर अभ्यास करते आहेस, रुग्णालयातली जुनी कार्डं काढून बसली आहेस, आणि आम्हाला विचारतेस की तुमचे पेशंट दुसऱ्या बैठकीला का यायचे नाहीत. उत्तर तुलाही पाठ आहे. पहिल्या दिवशी नस काढली की ठणका थांबतो, आणि ठणका थांबला की मोर्शीच्या माणसाला संत्र्याची तोडणी आठवते, चांदूर रेल्वेच्या माणसाला गाडीची वेळ. दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलंय, ते निघून जाणार, हे कोणाच्या लक्षात राहत नाही. मीही इथे क्लिनिकमध्ये दिवसातून दहादा बजावते. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण तू मध्येच मला समजवायला लागली असतीस. म्हणून पत्र.

तुझ्या गठ्ठ्यात गोदाबाईंचं कार्ड असेल. तिवशाच्या पलीकडच्या खेड्यातल्या, साठीच्या, खालची डावी दाढ. आपण तेव्हा इंटर्न होतो. खुर्चीत बसण्याआधी त्या चपला काढून बाजूला नीट ठेवायच्या. दुसरं कोणी तपासायला आलं की म्हणायच्या, "नाई बाप्पा, माही पोरगीच करन." पोरगी म्हणजे मी. त्यांना साखर होती, म्हणून मीच दटावलं होतं की एकही तारीख चुकवू नका. पुढची तारीख मी दिली गुरुवारची, अकरा वाजता.

त्या गुरुवारी मी शुभंकरसोबत चिखलदऱ्याला होते. लग्न ठरायचं होतं अजून, मला ताप आल्याचं तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी आपल्या वॉर्डातला शिपाई मोतीराम म्हणाला, "म्याडम, तुमची म्हातारी चार वाजेपावतर बाकावर बसून होती. दुसऱ्या डॉक्टरीणले हातच लावू देल्ला नाई. डबाबी तिथंच खाल्ला." मी बरं म्हटलं. मग सर कार्डं तपासायला यायच्या आत मी लिहून टाकलं, रुग्ण ठरलेल्या दिवशी आला नाही, आणि खाली सही केली. सगळेच लिहायचे ती ओळ. येतील परत, असं धरून चालले. कार्डावर त्यांच्या घरचा फोन नंबर होता, तो मी लावला नाही.

त्या परत आल्या नाहीत. पाच आठवड्यांनी त्यांचा मुलगा कार्डाची प्रत न्यायला आला. सूज गळ्यापर्यंत उतरली होती, सरकारी दवाखान्यात भरती केलं होतं. चौथ्या दिवशी गेल्या. अकरा वर्षं झाली, मी हे शुभंकरलाही सांगितलेलं नाही. गुरुवारी मी रूट कॅनाल ठेवतच नाही, तरी गुरुवारी माझ्या क्लिनिकबाहेरच्या बाकावर कोणीतरी बसलेलं असतं. डोक्यावर पदर, मांडीवर डबा. समोरच्या टेबलावरच्या मुलीला दोनदा विचारलं, बाहेर कोण आहे गं? कोणी नाही म्हणाली. मला भीती वाटते, आकांक्षा. ती बाई काही मागत नाही, रागावत नाही, नुसती बसून असते.

आणि मागच्या शुक्रवारी अपेक्षा नावाची नवी पेशंट आली, लग्न होऊन अकोल्यात आलेली. नस काढून झाल्यावर मी नेहमीचं बजावलं. ती म्हणाली, "मी नाई चुकवत म्याडम. माही माय तारीख चुकवून बसली, अन् गेली." मी गाव विचारलं, मग आईचं नाव. तिने गोदाबाईंचंच नाव सांगितलं. ती आपली सांगत होती, "गेलती म्हणे मी, डॉक्टरीणच नोती. अन् कार्डावर त आली नाई लिवलं होतं. दवाखान्यात मी तिले लय बोलली. काहून खोटं बोलतं वं माय, म्हटलं." गोदाबाईंचा जबडा तेव्हा आवळला होता, तोंड उघडतच नव्हतं. त्या नुसती मान हलवत राहिल्या. कशी हलवली, ते अपेक्षाने मला करून दाखवलं. आणि मी तिला पुढची तारीख देऊन घरी पाठवलं.

तुझ्या अभ्यासात माझ्या एका कार्डाने फार फरक पडणार नाही. तरी त्या ओळीपुढे खरं काय ते लिही, माझ्या नावानिशी. पण हे पत्र मी त्यासाठी लिहिलेलं नाही. आपल्या रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर आलेल्या प्रत्येकाचं नाव रजिस्टरात चढायचं. ती जुनी रजिस्टरं तुमच्या कपाटात असतीलच. तो गुरुवार, त्या वर्षीच्या डिसेंबरातला दुसरा, शोध आणि त्या पानाचा फोटो मला पाठव. अपेक्षा सोमवारी येणार आहे. पान मिळो न मिळो, मी तिला सांगणार आहे, आणि मग ती जे बोलेल ते ऐकून घेणार आहे. पण माझ्या शब्दावर तिने का विश्वास ठेवावा? आई खरं बोलत होती, हे तिला आईच्या नावावर बोट ठेवून वाचता यायला हवं.

तुझीच,
चारुशीला