खुर्चीखालच्या दोन पट्ट्या

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र शनिवारी मिळालं. मी ठीक आहे. कामही ठीक चाललं आहे; सध्या आमच्याकडे पाण्याचे पंप तपासणीला येतात आणि ते किती गोंगाट करतात हे मी मोजून लिहून देते. तुमच्या गुडघ्यांबद्दल पत्रात काही नाही, म्हणजे दुखत असणार.

दोन वर्षांनी आलेल्या पत्रात तुम्ही एकच प्रश्न विचारला आहे, गाण्याच्या खोलीसाठी सब-वूफर कोणता घ्यावा. म्हणजे अॅम्प्लिफायरवरचं फडकं काढलंत तर. बरं झालं. आधी उत्तर देते.

दुकानदाराने दाखवलेल्या तिन्हींपैकी आठ इंची विसरा. त्या खोलीत तो नुसता धापा टाकेल. बारा इंची, ज्याच्या पेटीला समोर भोक आहे, तो दुकानात सगळ्यात दमदार वाटला असणार. तसा वाटावा म्हणूनच तो बनवतात. भोकाची पेटी ठरावीक सुराला फुगवते आणि थाप संपली तरी तिचं शेपूट रेंगाळतं. सिनेमातल्या स्फोटांना ते चालतं. तुम्ही सिनेमे बघत नाही. तुमच्या दोन स्पीकरांच्या मागून निमूट चालेल असा हवा, म्हणजे दहा इंची, बंद पेटीचा. चांगला सब-वूफर चालू असताना कळत नाही. बंद केला की मात्र खोली रिकामी वाटते.

खाली पन्नास हर्ट्झपर्यंतच्या सुरांना तुमचे स्पीकर समर्थ आहेत. त्याखालचं तेवढं याच्याकडे सोपवा. दुकानदार म्हणेल, आकडा जरा वर घ्या, मजा येईल. त्याचं ऐकू नका.

जागा ठरवायची रीत हास्यास्पद आहे, पण खरी आहे. सब-वूफर ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगायचं. जिथे खालचे सूर सारखे आणि स्वच्छ ऐकू येतील, तिथे तो ठेवायचा. तुमचे गुडघे रांगू देणार नाहीत, तेव्हा दुसऱ्या कुणाला सांगा. मास्तर आणि शिंपीकाका सोडून, नाहीतर त्यांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळेल.

दारावरच्या घंटीच्या जागी दिवा बसवलात असं लिहिलं आहे. वायरीचा जोड नीट झाकला आहे ना?

आईला नमस्कार.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

वरचं पत्र पाकिटात घातलं होतं, ते परत काढलं. खोलीची मापं एकदा बघून घ्यावीत म्हणून काल जुनी वही उघडली. दोन वर्षांपूर्वी तुमच्या स्पीकरांची मोजणी केली होती ती वही.

खोलीची लांबी चौदा फूट. खुर्ची समोरच्या भिंतीपासून सात फुटांवर, मागच्या भिंतीपासूनही सात. आकडे माझ्याच अक्षरात आहेत. मी ते लिहिले आणि त्यांच्याकडे पाहिलं नाही.

चाळीस हर्ट्झची लाट चौदा फुटांत बरोबर अर्धी मावते. भिंतींपाशी ती जोरात असते आणि मधोमध जवळजवळ नसते. हे पहिल्याच वर्षाला शिकवतात. मी मायक्रोफोन नेमका त्या मधोमधच्या खुर्चीवर ठेवला, तिथे आवाजात सोळा डेसिबलचा खड्डा पाहिला आणि तुमच्या दोन्ही मित्रांसमोर म्हणाले, "बाबा, पंधरा वर्षं तुम्ही अर्धंच गाणं ऐकताय."

मास्तर म्हणाले, सुतारानं लेक शिकवली आणि तिनं पहिला रंधा बापावरच चालवला. शिंपीकाका हसले. तुम्हीही हसलात. मग म्हणालात, "कागदाला कान लावून गाणं ऐकू येतं का गं?" आणि अॅम्प्लिफायरवर फडकं टाकलंत. मी त्याच संध्याकाळी निघाले. त्यानंतर तुम्ही कधी फोनवर आला नाहीत आणि मीही आईला "बाबांना दे" म्हटलं नाही.

खड्डा स्पीकरांत नव्हता, बाबा. तो खुर्चीच्या जागेत होता. तुम्ही केलेल्या पेट्यांत काहीही खोट नाही.

खुर्ची तिथेच का, हे मी विचारलं नव्हतं. काल वही मिटताना आठवलं. मी नऊ वर्षांची असेन. आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती आणि तुम्ही तिला खुर्चीसकट वीत वीत मागे ओढत होतात. दर वितीला विचारायचात, "इथे?" ती म्हणायची, नको, ठणकतंय. मी पायरीवर बसून हसत होते. खोलीच्या मध्यावर आल्यावर ती म्हणाली, "इथे बरंय." तुम्ही कानावरची पेन्सिल काढून खूण केलीत आणि दुसऱ्या दिवशी जमिनीच्या फळ्यांवर सागाच्या दोन पट्ट्या स्क्रूने बसवल्यात. मला इतकी वर्षं वाटत होतं, त्या खुर्ची घसरू नये म्हणून आहेत.

आईच्या अर्धशिशीला ते खालचे धक्के सोसत नव्हते. तुम्ही कुठल्याही यंत्राशिवाय खोलीतला तो खड्डा शोधलात आणि तिला गाणं ऐकता यावं म्हणून त्यात नेऊन बसवलंत. स्वतः मात्र मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचात, जिथे सगळं ऐकू येतं. अर्धं गाणं तुम्ही कधीच ऐकलं नाहीत.

हे तुम्ही त्या दिवशी एका वाक्यात सांगू शकला असतात. पण न सांगण्यात मीही तुमच्यावरच गेले आहे, तेव्हा तक्रार करत नाही.

मग त्याच खुर्चीसाठी आता सब-वूफर कशाला? तुम्ही लिहिलं आहे, "तिची डोकेदुखी गेली. आता तिला खालचं हवंय." मंगळवारी मी ते वाक्य ओलांडून पुढे गेले. दिव्याचंही तसंच, वायरीची चौकशी केली आणि मोकळी झाले.

गेलं वर्षभर आई फोनवर "बरं, बरं, वेळेवर जेव" एवढंच म्हणते आणि फोन ठेवते. मग लांबलचक मेसेज पाठवते. ती तुमच्या बाजूने रागावली आहे असं मी धरून चालले होते. कान जायला लागले की वरचे सूर आधी जातात आणि खालचे बरेचदा मागे राहतात. कारखान्यांतल्या लोकांना मी हे तक्ते दाखवून समजावते. घरातलं मात्र मला दारावरच्या दिव्यावरून कळलं, तेही पत्र दोनदा वाचल्यावर. तुम्ही दोघांनी सांगितलं नाहीत. मी विचारलं नाही. घरी काय ऐकावं लागेल याची मला भीती वाटत होती.

माझं चुकलं. त्या दिवशीही आणि त्यानंतरची दोन वर्षंही.

तेव्हा मंगळवारचा सल्ला अर्धा रद्द समजा. दुकानातून काही घेऊ नका. दहा इंची ड्रायव्हर, म्हणजे पेटीशिवायचा नुसता स्पीकर, आणि त्याला लागणारा अॅम्प्लिफायर मी घेऊन येते. पेटी तुम्ही करायची. मापं सोबतच्या कागदावर आहेत, आतली जागा तीस लिटर, प्लाय पाऊण इंची. हवा कुठूनही निसटता कामा नये, पण हे तुम्हाला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. एक गोष्ट मात्र माझी ऐका. पेटीला रबरी पाय लावू नका. लाकडाचे लावा, सरळ फळ्यांवर टेकणारे. दुसऱ्या कुणालाही मी याच्या उलट सांगितलं असतं. आपल्याकडे जमीन हलायला हवी. आईच्या तळपायांना कळायला हवं.

मी १ नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी पोचते. रांगायचं काम माझं, पण ते नंतर. आधी पट्ट्या काढू. तुमच्या गुडघ्यांना झेपेल तेवढं एका बाजूने तुम्ही ओढा, दुसऱ्या बाजूने मी, आई खुर्चीत. दर वितीला तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचं. ती म्हणेल तिथे पेन्सिलीची खूण. मायक्रोफोन मी आणणार आहे, खोटं कशाला सांगू? पण ती खूण झाल्याशिवाय तो पिशवीतून बाहेर निघणार नाही, आणि त्याचं नि आईचं म्हणणं जुळलं नाही तर आईचं खरं.

तिला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं असेल तर त्यांचा कागद काढून ठेवा. तो मात्र मी वाचणारच.

मास्तरांना आणि शिंपीकाकांना दुपारी बोलवा. जे त्यांच्यासमोर बोलले, ते त्यांच्यासमोरच मागे घ्यायचं आहे. रंध्याबद्दल त्यांना काय बोलायचं ते बोलू देत.

पट्ट्यांचे स्क्रू मी येईपर्यंत काढू नका. सकाळी दारावरचं बटण दाबीन. दिवा आईला आधी दिसेल आणि ती उठायला लागेल. तिला बसू द्या. दार तुम्ही उघडा.

तुमची,
रंधा चुकीच्या बाजूने चालवणारी लेक